अंगापेक्षा यंत्र मोठे

शाळेला व्यायामाच्या साहित्यासाठी देणगी मिळाली, की शिक्षकांच्या खोलीत एक वाद हमखास रंगतो. काहींचे मत पडते, की शहरातल्या जिममध्ये असतात तशी दोन-तीन यंत्रे घ्यावीत; मुले आवडीने येतील आणि वजन पायावर पडण्याची भीती राहणार नाही. काहींना वाटते, की डंबेल्स आणि एखादा बार घ्यावा. तेवढ्याच पैशात सगळ्या वर्गाचा व्यायाम होईल. दोन्ही बाजूंना मुद्दे असतात. पण ज्यांच्यासाठी हे साहित्य घ्यायचे त्यांची शरीरे केवढी आहेत, हा प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही. पाचवीतला सव्वाशे सेंटिमीटर उंचीचा मुलगा आणि दहावीतला पावणेसहा फुटी मुलगा एकाच शाळेत असतात. एकाच वर्गात ३० किलो आणि ७० किलो वजनाची मुलेही शेजारी शेजारी बसतात.

हा प्रश्न खेळाच्या शिक्षकांचा वाटतो, पण त्याचे उत्तर विज्ञानाच्या तासाला मिळते. त्यासाठी तरफेचा नियम आणि क्षेत्रफळ-घनफळ यांचे गुणोत्तर एवढे दोनच विषय पुरतात.

कोपरापासून मुठीपर्यंत

हातात डंबेल धरून कोपर काटकोनात वाकवला, की आपला हात तिसऱ्या प्रकारची तरफ होतो. कोपराचा सांधा हा टेकू, मुठीतले वजन हा भार आणि दंडाच्या बेटकुळीचा स्नायू जिथे हाडाला जोडलेला असतो तिथे बल. प्रौढ माणसात हा स्नायू कोपरापासून सुमारे ४ सें.मी. अंतरावर जोडलेला असतो. मूठ मात्र त्याच्या कितीतरी पट लांब असते.

उदाहरणासाठी दोघांना शेजारी उभे करू. १६८ सें.मी. उंचीचे शिक्षक आणि १२६ सें.मी. उंचीचा विद्यार्थी. उंचीचे गुणोत्तर ४ : ३ आहे. विद्यार्थी म्हणजे शिक्षकांचीच सर्व बाजूंनी लहान केलेली आकृती, असे तूर्त धरू. शिक्षकांच्या कोपरापासून मुठीपर्यंतचे अंतर ३२ सें.मी. असेल, तर विद्यार्थ्याचे २४ सें.मी. शिक्षकांचा स्नायू सांध्यापासून ४ सें.मी.वर जोडलेला, तर विद्यार्थ्याचा ३ सें.मी.वर.

दोघांच्या हातात २ किलोचे डंबेल दिले. भार × भारभुजा = बल × बलभुजा या नियमाने शिक्षकांच्या स्नायूला २ × ३२ ÷ ४ म्हणजे १६ किलोभाराएवढा जोर लावावा लागेल. विद्यार्थ्याच्या स्नायूला २ × २४ ÷ ३, म्हणजे पुन्हा १६ किलोभारच. (हाताचे स्वतःचे वजन इथे सोडून दिले आहे.) मुलांना या उत्तराचे आश्चर्य वाटते. हात लहान असला तरी डंबेल हलके होत नाही, कारण भारभुजेबरोबर बलभुजाही तेवढ्याच प्रमाणात लहान झालेली असते.

पण हा १६ किलोचा जोर ज्या दोरीवर पडतो ती दोरी दोघांची सारखी जाड नाही.

जाडी वर्गाने, वजन घनाने

स्नायूची ताकद मुख्यतः त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. लांबीचे गुणोत्तर ४ : ३ असेल, तर क्षेत्रफळाचे १६ : ९ आणि घनफळाचे ६४ : २७ असते. शिक्षकांचे वजन ६४ किलो धरले तर विद्यार्थ्याचे २७ किलो येते. प्रत्यक्ष वर्गातही साधारण असेच आकडे आढळतात.

आता स्नायूच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पडणारा ताण काढू. व्यायामाचे साधन बदलले की हा ताणही बदलतो.

पहिले साधन म्हणजे स्वतःचे शरीर: जोर, बैठका, दोरीवर चढणे. इथे उचलायचे वजनच ६४ : २७ या प्रमाणात आहे, तर स्नायूची जाडी १६ : ९. भागाकार केला, की विद्यार्थ्यावरचा ताण शिक्षकांच्या पाऊणपट येतो. किडकिडीत मुले झाडावर सरसर चढतात आणि धिप्पाड माणसाला एक जोर काढतानाही धाप लागते, त्याचे निम्मे कारण या भागाकारात आहे.

दुसरे साधन सुटे वजन. जोर दोघांनाही १६ किलोभारच, जाडी १६ : ९. म्हणून विद्यार्थ्यावरचा ताण १.७८ पट.

तिसरे साधन यंत्र, आणि तिथे आणखी एक गंमत आहे.

यंत्राला माप एकच ठाऊक

व्यायामाची यंत्रे आजची नाहीत. स्वीडनमधील डॉक्टर गुस्ताव झांडर यांनी १८६५ साली स्टॉकहोम येथे यंत्रांच्या साहाय्याने व्यायाम देणारी संस्था सुरू केली. त्यांच्या यंत्रांत तरफेच्या दांड्यावर वजन पुढे-मागे सरकवून जोर कमी-जास्त करता येई. पुढे १९७० साली अमेरिकेत आर्थर जोन्स यांनी ‘नॉटिलस’ यंत्रे बाजारात आणली. त्यांत वाटोळ्या कप्पीऐवजी शंखाच्या छेदासारखी चकती होती. ती फिरताना तिची त्रिज्या बदलते आणि त्याबरोबर भारही बदलतो. स्नायूची ताकद सांध्याच्या प्रत्येक कोनात सारखी नसते, म्हणून ही योजना होती. आजच्या जिममधील अनेक यंत्रे याच घराण्यातली आहेत.

खुर्चीत बसून नडगीवरच्या गादीला ढकलत पाय सरळ करण्याचे यंत्र घेऊ. गादी एका दांड्याला असते, दांडा एका आसाभोवती फिरतो आणि आसावरच्या चकतीला तारेने वजनांची चळत जोडलेली असते. चळतीत खीळ कोठे खोचली यावर आसाभोवतीचे आघूर्ण, म्हणजे बल आणि भुजा यांचा गुणाकार, ठरतो. बसणारा कोण आहे याच्याशी यंत्राला देणेघेणे नाही.

समजा, हे आघूर्ण ४०० किलो-सेंमी आहे. शिक्षकांची गादी गुडघ्यापासून ४० सें.मी. अंतरावर येते, त्यांना गादीवर १० किलोभार जोर लावावा लागेल. विद्यार्थ्यासाठी गादी वर सरकवून ३० सें.मी.वर आणली, तर त्याला सव्वातेरा किलोभारांहून थोडा जास्त. पाय लहान, पण जोर मोठा! गुडघ्याच्या स्नायूची बलभुजा पुन्हा ४ : ३ याच प्रमाणात धरली, तर त्याच्या स्नायूला शिक्षकांच्या चारतृतीयांश ओढ द्यावी लागते, आणि तीही ९/१६ जाडीच्या दोरीने. ताण येतो २.३७ पट.

तीनही उत्तरे ओळीने फळ्यावर लिहावीत. स्वतःचे शरीर : ०.७५. सुटे वजन : १.७८. आसावर फिरणारे यंत्र : २.३७. लहान शरीराला यंत्र सर्वांत जड आणि स्वतःचे शरीर सर्वांत हलके. मोठ्या शरीराच्या बाजूने पाहिले तर क्रम उलटा होतो: त्याला यंत्र सर्वांत सोपे आणि स्वतःचे शरीर सर्वांत अवघड. ‘यंत्रावर मी २० किलो करतो, डंबेलने मात्र १० सुद्धा जमत नाही’ अशी तुलना का करू नये, हेही यावरून कळते. तो आकडा चळतीवरच्या वजनाचा असतो, स्नायूवरच्या ताणाचा नसतो.

प्रत्यक्ष शरीरे अशी तंतोतंत लहान-मोठी केलेली नसतात, आणि मुलांचे स्नायू वाढत्या वयात बदलतही असतात. तरी हा हिशेब दिशा बरोबर दाखवतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१) मीराबाई चानू हिने ४९ किलो गटात क्लीन अँड जर्क प्रकारात ११५ किलो उचलले, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या सव्वादोनपटींहून अधिक. त्याच स्पर्धेत सर्वांत वरच्या गटात चीनच्या ली वेनवेन हिने १८० किलो उचलले. तिचे वजन दीडशे किलोच्या आसपास, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या सुमारे १.२ पट. शरीराचे वजन तिप्पट झाले, उचललेले वजन मात्र दीडपटीच्या थोडेच पुढे गेले. आपल्या नियमाने ते सुमारे २.१ पट व्हायला हवे होते. ते तेवढे झाले नाही, कारण वरच्या गटाला वजनाची मर्यादा नसते आणि शरीराचे वाढलेले सगळे वजन स्नायूंचे नसते.

एका वर्तुळाची दोन केंद्रे

भार कमी करून यंत्र लहान मुलाला जमेल का? पुष्कळदा नाही, कारण दुसरी अडचण लांबीची आहे. यंत्राचा आस एका जागी पक्का असतो आणि गुडघ्याचा सांधा बरोबर त्याच्या रेषेत यावा लागतो. खुर्चीची पाठ पुढे-मागे सरकत असेल तर पुष्कळांना हे जमते. पण सरकण्याला मर्यादा असते. त्या मर्यादेबाहेरच्या माणसाचा गुडघा एका केंद्राभोवती फिरतो आणि यंत्र दुसऱ्या केंद्राभोवती.

याचा परिणाम वर्गात पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्यांनी दाखवता येतो. फळ्यावर किंवा मऊ लाकडी पाटावर ‘ग’ (गुडघा) हा बिंदू घ्यावा आणि त्याच्या सरळ खाली ५ सें.मी.वर ‘अ’ (यंत्राचा आस). ४० सें.मी. लांबीची पट्टी टाचणीने ‘ग’पाशी लावावी, ही नडगी. ३५ सें.मी. लांबीची पट्टी ‘अ’पाशी लावावी, हा यंत्राचा दांडा. दोन्ही पट्ट्या उभ्या लोंबत्या ठेवल्या की त्यांची खालची टोके जुळतात. आता यंत्राची पट्टी ९० अंशांतून फिरवून आडवी करावी आणि नडगीची पट्टी तिच्या टोकावरून जाईल अशी धरावी. टोके आता जुळत नाहीत. यंत्राचे टोक नडगीच्या पट्टीवर सुमारे ३५.४ सें.मी.च्या खुणेपाशी येते. पायथागोरसच्या नियमाने पडताळून पाहता येईल: ३५ आणि ५ यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ.

म्हणजे एकदा पाय सरळ करताना गादी नडगीवर साडेचार सेंटिमीटरांहून जास्त घासत वर सरकली. शिवाय यंत्र ९० अंश फिरले तरी गुडघा ८२ अंशच फिरला. कोनमापकाने तेही मोजावे. खऱ्या पायावर गादी अशी सहज सरकत नाही. ती कातडी ओढते आणि सांध्यावर आडवा दाब देते. एकदा केले तर काही बिघडत नाही, पण दर आठवड्याला शंभर-दीडशे वेळा केले तर गुडघा तक्रार करू लागतो. फार बुटक्या माणसाच्या बाबतीत हे घडते, तसेच फार उंच माणसाच्याही.

डंबेलला आस नसतो. हात जिथून फिरेल तिथून डंबेल फिरते. लहान-मोठ्या सर्व शरीरांना ते बसते, याचे कारण एवढेच. आपल्या तालमींत मुद्गलांच्या लहान-मोठ्या जोड्या मांडून ठेवलेल्या असतात आणि प्रत्येकजण आपल्या कुवतीची जोडी उचलतो, त्यामागचा विचारही हाच आहे.

सुट्या वजनांचीही मापे असतात

तरीही सुटी वजने सर्वगुणसंपन्न आहेत असे समजू नये. स्पर्धेचा बार पुरुषांसाठी २० किलोचा व २८ मि.मी. जाडीचा आणि स्त्रियांसाठी १५ किलोचा व २५ मि.मी. जाडीचा असतो. आपल्या २७ किलोच्या विद्यार्थ्याला नुसता रिकामा बार म्हणजे स्वतःच्या निम्म्याहून अधिक वजन! स्पर्धेच्या मोठ्या चकत्यांचा व्यास ४५ सें.मी. असतो, म्हणून जमिनीवरचा बार सर्वांसाठी साडेबावीस सेंटिमीटरवरच असतो. ठेंगण्या माणसाच्या ती नडगीच्या मध्यावर येते. उंच माणसाला तेथवर पोहोचायला जास्त वाकावे लागते आणि कमरेपासूनची भारभुजा वाढते. अशा वेळी चकत्यांखाली लाकडी ठोकळे ठेवून बार वर घ्यावा.

सुट्या वजनाला तोलही सांभाळावा लागतो. यंत्राचा दांडा ठरलेल्या वाटेनेच जातो, डंबेल मात्र कोठेही जाऊ शकते. ते वाटेवर ठेवण्यासाठी खांदा, पाठ, कंबर यांचे लहान-मोठे स्नायू राबतात. हा फायदा आहे, पण नवशिक्याला तोच धोका. म्हणून शिकवणारा जवळ असल्याशिवाय जड सुटी वजने कोणाच्या हाती देऊ नयेत.

वाढ किती टप्प्याने करता येते, तेही पाहावे. यंत्राच्या चळतीत टप्पा बहुधा ५ किलोचा असतो. ५० वरून ५५ वर जाणे म्हणजे दहा टक्के वाढ. ५ वरून १० वर जाणे म्हणजे दुप्पट. लहान शरीराला दुसराच टप्पा गाठता येत नाही आणि ते तिथेच अडकून राहते. अर्धा-एक किलोची लहान वजने ही अडचण सोडवतात.

मोठ्या शरीरासाठी यंत्र

वर्गातल्या वजनदार मुलांकडे आता वळू. वजनकाटा जमिनीवर ठेवून त्यावर दोन्ही हात टेकवावेत आणि जोर काढताना सुरुवातीला घेतो तसे शरीर ताठ धरावे. काटा शरीराच्या वजनाच्या साधारण दोनतृतीयांश वजन दाखवतो. म्हणजे ३६ किलोच्या मुलाला एका जोरात सुमारे २४ किलो उचलावे लागतात आणि ७० किलोच्या मुलाला सुमारे ४६ किलो. पहिल्याच दिवशी ४६ किलोचा बार या मुलाच्या हातात देण्याचे आपल्या मनातही येणार नाही. ‘एक जोर काढून दाखव’ म्हणताना मात्र आपण तेच करत असतो, आणि तेही सगळ्या वर्गासमोर.

इथे यंत्र उपयोगी पडते. बसून पुढे ढकलण्याच्या यंत्रावर तो १० किलोपासून सुरुवात करू शकतो, कारण यंत्र त्याच्या शरीराचे वजन हिशेबातून काढून टाकते. जमिनीवर बसणे-उठणे ज्यांना जड जाते अशांना, वृद्धांना आणि आजारातून उठलेल्यांनाही हाच लाभ होतो. मात्र खुर्ची पुरेशी रुंद आणि भक्कम आहे ना, हे आधी पाहावे. यंत्र नसेल तर भिंतीला किंवा टेबलाला हात टेकून जोर काढावेत. हातांची जागा जितकी उंच, तितका हातांवरचा भार कमी. तेही तरफेच्याच नियमाने.

बागेतील प्रयोगशाळा

अनेक गावांच्या आणि शहरांच्या बागांत आता खुल्या व्यायामशाळा आहेत, आणि संध्याकाळी तिथे मोठ्यांपेक्षा मुलांचीच गर्दी असते. त्यांतील छातीच्या व्यायामाचे यंत्र नीट पाहावे. मुठी पुढे ढकलल्या की बसणारा खुर्चीसकट वर उचलला जातो. भार त्याच्याच शरीराचा असतो. म्हणून लहान मुलाला हे यंत्र जड वाटत नाही. पण दांड्यांची लांबी आणि खुर्ची-मुठींतील अंतर मोठ्यांच्या मापाचे, आणि तेही बहुधा न सरकणारे. मुले खुर्चीच्या कडेवर बसून, हात ताणून ते हलवतात. युरोपात २०१५ साली अशा साधनांसाठी जे मानक ठरले, त्यात ती १४० सें.मी.हून अधिक उंचीच्या व्यक्तींसाठीच धरलेली आहेत.

विद्यार्थ्यांना मोजपट्टी घेऊन बागेत न्यावे. प्रत्येक यंत्राच्या आसाची जमिनीपासूनची आणि खुर्चीच्या पाठीपासूनची अंतरे मोजावीत. मग वर्गातील सर्वांत ठेंगण्या, मध्यम आणि सर्वांत उंच विद्यार्थ्याचे गुडघे, कोपर, खांदे कोठे येतात ते पाहून तक्ता करावा. कोणते यंत्र कोणाला बसत नाही, हे मुले स्वतःच सांगतील.

मग काय घ्यावे?

कोणते साधन श्रेष्ठ, यावर पुष्कळ संशोधन झाले आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अशा प्रयोगांच्या एका एकत्रित आढाव्यात स्नायूंच्या वाढीत दोन्ही साधनांमध्ये फारसा फरक आढळला नाही. ताकद मात्र ज्या साधनावर सराव केला, त्याच साधनावर मोजली तर जास्त वाढलेली दिसते. तेव्हा निवड कीर्तीवर न करता शरीरावर करावी.

लहान चणीच्या मुलांनी सुरुवात स्वतःच्या शरीराने करावी: जोर, बैठका, दोरी, मल्लखांब. त्यानंतर हलकी सुटी वजने. मध्यम चणीला दोन्ही चालतात. वजनदार मुलांना आधी यंत्र किंवा हलकी वजने द्यावीत आणि स्वतःचे शरीर उचलण्याचे व्यायाम सावकाश वाढवावेत. यंत्र घ्यायचेच असेल तर खुर्ची, पाठ आणि गादी तिन्ही सरकणारी हवीत, आणि विकत घेण्यापूर्वी शाळेतला सर्वांत ठेंगणा व सर्वांत उंच विद्यार्थी त्यावर बसवून सांधा आसाच्या रेषेत येतो का, ते पाहावे.

वजन उचलल्याने उंची खुंटते, ही पालकांची भीती निराधार आहे. चुकीच्या पद्धतीने, देखरेखीशिवाय आणि ‘जास्तीत जास्त किती’ या चढाओढीत उचललेल्या वजनाने मात्र इजा होते. वाढत्या हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेलाही ती होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायाम करायला हवेत.

आणि देणगी मिळालीच नाही तर? एक लिटरच्या बाटलीत पाणी भरले की एक किलोचे वजन तयार होते; कोरडी वाळू भरली की सुमारे दीड किलोचे. कपभर वाळू घालून किंवा काढून हवा तसा टप्पा मिळतो. पाचवीच्या मुलाची बाटली अर्धी आणि दहावीच्या मुलाची भरलेली असेल. दोघांचे स्नायू सारखेच राबतील. जोर न जमणाऱ्या मुलाला हसणाऱ्या वर्गासमोर एकदा वजनकाटा ठेवून ४६ आणि २४ हे दोन आकडे फळ्यावर लिहावेत. तो कमी पडत नव्हता, आपण त्याला जवळजवळ दुप्पट वजन दिले होते, हे वर्गाला आणि मुख्य म्हणजे त्याला स्वतःला समजेल.